लाल किल्ला पाहण्यापूर्वी

प्रवासाची तयारी म्हटली म्हणजे गाडीची तिकिटे, उतरण्याची सोय, उबदार कपडे आणि लाडू-चिवड्याचे डबे एवढ्या गोष्टी बहुतेक घरांत आठवणीने होतात. त्या व्हावयास हव्यातच. परंतु काही स्थळे अशी असतात की, तेथे जाण्यापूर्वी सामानाबरोबर मनाचीही थोडी बांधाबांध करावी लागते. दिल्लीचा लाल किल्ला हे त्यांपैकी एक होय.

वाचकहो, दिल्लीस येणारे मराठी कुटुंब कोल्हापूरचे असो, इंदूरचे असो, बेळगावचे असो वा बडोद्याचे, लाल किल्ला पाहिल्यावाचून ते सहसा परतत नाही. स्वातंत्र्यदिनी ज्या तटावर राष्ट्रध्वज फडकतो तो तट मुलांनी डोळ्यांनी पाहावा, ही इच्छा स्वाभाविकच आहे. तांबड्या दगडाचा तो उत्तुंग दरवाजा पाहून मंडळी थक्क होतात, आतल्या बाजारातून रमतगमत पुढे जातात आणि मग एका विस्तीर्ण हिरवळीवर येऊन पोहोचतात. तेथे एकमेकांपासून दूरदूर उभे असलेले काही महाल दिसतात. मधले हौद बहुधा कोरडे असतात. छायाचित्रे निघतात, पाय दुखू लागतात आणि तासाभरात सर्वजण बाहेर पडतात. 'एवढेच होते?' असे एखादे मूल विचारते आणि वडीलधाऱ्यांना चटकन उत्तर सुचत नाही.

उत्तर थोडक्यात असे आहे की, जे पाहावयास आपण गेलो त्याचा फार मोठा भाग आज तेथे उरलेलाच नाही. जे उरले आहे ते एका अफाट राजवाड्याचे सुटे तुकडे आहेत. ते तुकडे कशाने जोडलेले होते आणि मधले दुवे कोणी काढून नेले, हे ठाऊक असल्यावाचून ती जागा बोलत नाही. ठाऊक असले म्हणजे मात्र अर्धा दिवसही अपुरा वाटतो. आणि त्या नेणाऱ्यांच्या यादीत एक नाव आपलेही आहे. म्हणून ही पूर्वतयारी मराठी घराने तर अवश्यच करावी.

किल्ला नव्हे, राजवाडा

'किल्ला' या शब्दाने मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे राजगड, सिंहगड किंवा सिंधुदुर्ग उभा राहतो. चढण, बुरूज, तोफा आणि पाण्याची टाकी ही आपली किल्ल्याची कल्पना. लाल किल्ला यमुनेच्या काठी, सपाटीवर उभा आहे आणि तो मुख्यतः बादशहाचे घर होता. शहाजहानने आपली राजधानी आग्ऱ्याहून दिल्लीस आणण्याचे ठरविले, १६३९ मध्ये पायाभरणी झाली आणि सुमारे नऊ वर्षांनी, १६४८ मध्ये, बादशहा येथे राहावयास आला. या वास्तूच्या रचनेचे श्रेय उस्ताद अहमद लाहोरी याला दिले जाते. सभोवतालच्या तटाची लांबी जवळजवळ अडीच किलोमीटर असून त्याची उंची नदीच्या बाजूस सुमारे १८ मीटर, तर शहराच्या बाजूस सुमारे ३३ मीटरपर्यंत आहे. तट लाल वालुकाश्माचा असल्यामुळे बाहेरून पाहणाऱ्यांनी त्याला 'लाल' म्हटले. आत राहणारे त्याला किला-ए-मुबारक, म्हणजे मंगल किल्ला, किंवा किला-ए-मुअल्ला, म्हणजे थोर किल्ला, असे म्हणत. २००७ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

ज्यांनी पुण्याचा शनिवारवाडा पाहिला आहे त्यांना आतील मांडणी समजणे कठीण जाणार नाही. दिवाणखाना, नगारखाना, हमामखाना, रंगमहाल, हौद, कारंजे हे शब्द आपल्या वाड्यांत रुजले ते याच दरबारी परंपरेतून. शनिवारवाड्याच्या उत्तरेकडील महाद्वाराला दिल्ली दरवाजा म्हणतात हे सर्वांना ठाऊक आहे. लाल किल्ल्यालाही दिल्ली दरवाजा आहे, हे ऐकून मात्र मुलांना मौज वाटेल. दिल्लीतच दिल्ली दरवाजा कसा? तर हा दरवाजा दक्षिणेस, शहाजहानच्या आधी वसलेल्या जुन्या दिल्लीच्या दिशेने आहे. पश्चिमेकडचा लाहोरी दरवाजा लाहोरच्या वाटेकडे तोंड करून उभा आहे. आजचे प्रवासी आत शिरतात ते याच लाहोरी दरवाजाने. दरवाजापुढची आडभिंत औरंगजेबाने नंतर बांधविली.

आत शिरताच छत्ता चौक लागतो. छप्पर असलेला हा बाजार शहाजहानच्या काळापासूनचा आहे. पूर्वी येथे दरबारी मंडळींसाठी रेशीम, जरतारी कापड आणि जडजवाहीर विकले जाई. आज भेटवस्तूंची दुकाने आहेत. त्याच्या पलीकडे नौबतखाना, म्हणजेच आपला नगारखाना. येथे ठराविक वेळी नौबत झडे आणि राजघराण्यातील व्यक्तींखेरीज इतर सर्वांना येथेच हत्तीघोड्यांवरून पायउतार व्हावे लागे. आज नौबतखाना मोकळ्या मैदानात एकटाच उभा दिसतो. पूर्वी त्याच्या दोन्ही अंगांना ओवऱ्या होत्या आणि त्यांनी मोठमोठे चौक बांधून काढले होते. माणूस एका चौकातून दुसऱ्या चौकात जाई आणि प्रत्येक दरवाजापाशी त्याचा आवाज थोडा खाली येई. ती चढती अदब आज हिरवळीवर जाणवत नाही. ती कल्पनेनेच उभी करावी लागते.

पुढे दिवाण-ए-आम, म्हणजे सर्वांसाठीचा दरबार. समोर नऊ कमानी आहेत. आज खांबांचा लाल दगड उघडा दिसतो. पूर्वी त्यावर शुभ्र चुन्याचा घोटीव गिलावा होता आणि दुरून सारा दिवाणखाना संगमरवरी भासे. मध्यभागी बादशहाचे संगमरवरी आसन आहे. त्यामागच्या भिंतीवर रंगीत दगडांचे जडावकाम असून त्यात पक्षी व फुले आहेत, आणि वरच्या बाजूस वाद्य वाजवून पशूंना मोहविणारा ग्रीक कथेतील ऑर्फियस आहे. हिंदुस्थानच्या बादशहामागे ग्रीक गायक कसा आला, हे कोडे मुलांना अवश्य घालावे. युरोपातील कारागिरी समुद्रमार्गाने मोगल दरबारापर्यंत पोहोचत होती, याची ती खूण आहे. १८५७ नंतर यांपैकी काही फलक एका इंग्रज अधिकाऱ्याने विलायतेस नेले. पुढे लॉर्ड कर्झनच्या आग्रहाने ते परत आले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी पुन्हा जागेवर बसविण्यात आले.

पाण्यामागून चालावे

दिवाण-ए-आमनंतर बहुतेक प्रवासी सरळ समोरच्या रंगमहालाकडे जातात. आमची सूचना अशी की, आपण तसे न करता डावीकडे, म्हणजे उत्तरेकडे वळावे आणि थेट ईशान्येच्या कोपऱ्यातील शाह बुर्जापाशी जावे. कारण या राजवाड्यातील पाणी तेथून निघत असे, आणि पाण्याच्या मागोमाग चालल्यास सुटे महाल पुन्हा एका माळेत ओवले जातात.

यमुनेचे पाणी फार दुरून कालव्याने आणलेले होते. फिरोजशहा तुघलकाच्या काळचा एक जुना कालवा होता. शहाजहानच्या काळी अली मर्दान खान याने तो दुरुस्त करून पुढे वाढविला. त्याचीच एक शाखा चांदणी चौकाच्या मधून वाहत असे आणि एक किल्ल्यात येई. शाह बुर्जापाशी हे पाणी वर घेऊन संगमरवरी उतरणीवरून खाली सोडलेले असे. त्या दगडावर अशा खाचा आहेत की वाहते पाणी लहरींसारखे दिसावे. तेथून निघालेल्या पाटाला नहर-ए-बहिश्त म्हणत. 'स्वर्गातला पाट' असा त्याचा सरळ अर्थ. हा पाट नदीकाठच्या उंच ओट्यावरून दक्षिणेकडे वाहत एकेका महालाच्या पोटातून जाई. १८५७ च्या धामधुमीत शाह बुर्जाची हानी झाली, त्याचा घुमट गेला, आणि पाणीही आटले. आज तेथे उभे राहून कोरड्या दगडावर पाणी कल्पावे लागते.

शाह बुर्जाच्या शेजारीच हयात बख्श बाग आहे. 'हयात बख्श' म्हणजे जीवन देणारी. मोगल बाग ही आपल्या परसातील फुलबागेसारखी नसते. ती भूमितीने आखलेली असते. पाण्याचे पाट बागेचे चौकोन पाडतात आणि जेथे ते भेटतात तेथे हौद असतो. जुन्या वर्णनांत या बागेच्या मध्यवर्ती हौदात रुप्याची ४९ कारंजी आणि सभोवती आणखी ११२ कारंजी असल्याचे सांगितले आहे. हौदाच्या मधोमध आज लाल दगडाचा जो जफर महाल दिसतो तो शहाजहानचा नव्हे. शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर याने तो १८४२ च्या सुमारास बांधविला.

बागेच्या दक्षिण व उत्तर टोकांस समोरासमोर दोन संगमरवरी मंडप आहेत. त्यांची नावे सावन आणि भादों, म्हणजे आपले श्रावण आणि भाद्रपद. दिल्लीचा उन्हाळा ज्याने सोसला आहे त्यालाच या नावांतील आर्तता कळेल. पाऊस हवा तेव्हा येत नाही, म्हणून बादशहाने पावसाचे दोन महिने दगडात बांधून घेतले. मंडपाच्या कडेवरून पाण्याची चादर खाली पडे आणि तिच्यामागे भिंतीत लहान लहान कोनाडे होते. दिवसा त्या कोनाड्यांत फुलांच्या सुवर्णपात्रांची आरास असे. रात्री दिवे लावीत आणि पडत्या पाण्याआडून ते लुकलुकत. ते कोनाडे आजही दिसतात. मुलांना ते मोजू द्यावेत. जाता जाता हेही सांगावे की उत्तरेकडचा श्रावण आपल्या श्रावणाहून पंधरा दिवस आधी सुरू होतो. तिकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. ऋतू एकच, मोजण्याची रीत निराळी. निरनिराळ्या राज्यांत राहणाऱ्या आपल्या मंडळींना याचा अनुभव पंचांग उघडताना येतच असेल.

बागेतून दक्षिणेकडे निघाले म्हणजे क्रमाने सर्व महाल भेटू लागतात. प्रथम हिरा महाल हा लहानसा मंडप, तोही बहादूरशहाच्या काळचा. मग हमामखाना आणि त्याच्या पश्चिमेस औरंगजेबाने स्वतःच्या प्रार्थनेसाठी बांधविलेली इवलीशी मोती मशीद. त्यानंतर दिवाण-ए-खास, म्हणजे निवडक मंडळींचा दरबार. त्याच्याविषयी पुढे सविस्तर सांगतो. त्याच्यापुढे खास महाल आहे. तेथे एक संगमरवरी जाळी असून तिच्यावर न्यायाचा तराजू कोरलेला आहे आणि जाळीखालून पाट वाहत असे. न्यायासनाखालून वाहते पाणी, ही कल्पना कोणा कारभाऱ्याला किंवा शिल्पकाराला सुचली असेल त्याचे कौतुक वाटते. खास महालाला लागून मुसम्मन बुर्ज हा अष्टकोनी सज्जा आहे. येथून बादशहा खाली वाळवंटात जमलेल्या प्रजेला दर्शन देई. १९११ च्या दिल्ली दरबाराच्या वेळी पंचम जॉर्ज आणि राणी मेरी यांनीही याच बाजूने लोकांना दर्शन दिले. राजा बदलला तरी रिवाज उचलण्याचा मोह सुटला नाही.

शेवटी रंगमहाल आणि मुमताज महाल. रंगमहालात कमळाच्या आकाराचे प्रशस्त संगमरवरी पात्र आहे; पाट तेथे येऊन उमलत असे. शनिवारवाड्यातील हजारी कारंजाचे कमळ ज्यांच्या स्मरणात आहे त्यांनी येथे क्षणभर थांबावे. दोन्ही कमळे आज आपापल्या जागी आहेत. त्यांच्याभोवतीचे वाडे मात्र नाहीत.

रुप्याचे छत

आता दिवाण-ए-खासकडे परत वळू. लांबीला सुमारे ९० फूट असलेल्या या संगमरवरी दिवाणखान्यातील खांबांवर फुलांचे जडावकाम आहे. पृथ्वीवर कोठे स्वर्ग असेल तर तो येथेच, अशा आशयाचा फारसी शेर येथील भिंतीवर सोनेरी अक्षरांत लिहिलेला आहे. येथेच मयूरासन होते. १७३९ मध्ये इराणचा नादिरशहा दिल्लीवर चालून आला आणि ते घेऊन गेला. हे बहुतेकांना शाळेपासून ठाऊक असते. वर पाहण्याची आठवण मात्र फार थोड्यांना राहते. वरचे रंगविलेले लाकडी छत १९११ मध्ये रंगकाम झालेले आहे. त्या जागी पूर्वी रुप्याचे छत होते, आणि ते काढले मराठ्यांनी.

ही हकिकत मुलांपासून लपवू नये, आणि शेखी म्हणूनही सांगू नये. ती जशी घडली तशी सांगावी. १७६० च्या ऑगस्टमध्ये सदाशिवरावभाऊंच्या फौजेने दिल्ली घेतली. दख्खनहून निघालेली ती प्रचंड फौज, तिच्याबरोबरचा बाजारबुणग्यांचा आणि यात्रेकरूंचा लवाजमा, सैन्याचा थकलेला पगार आणि दक्षिणेतून वेळेवर न येणारा पैसा या पेचात भाऊसाहेब होते. रिकाम्या बादशाही खजिन्यातून काही मिळण्याजोगे नव्हते. तेव्हा छताचे रुपे उतरवून त्याची नाणी पाडण्यात आली. फौजेची काही दिवसांची निकड भागली. पुढे १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे झाले ते प्रत्येक मराठी घराला माहीत आहे. ज्या हातांना ते रुपे मिळाले असेल त्यांतले किती हात परत आले, हा विचार त्या छताखाली उभे असताना मनात आल्यावाचून राहत नाही.

परंतु मराठ्यांचा या वास्तूशी संबंध एवढाच नाही. आणि दुसरी बाजूही तितक्याच सरळपणे सांगितली पाहिजे. पानिपतानंतर अवघ्या अकरा वर्षांनी, १७७२ च्या जानेवारीत, अलाहाबादेस राहणारा बादशहा शहाआलम दिल्लीच्या या किल्ल्यात परतला तो मराठ्यांच्या संरक्षणाखाली. १७८४ मध्ये महादजी शिंदे यांना त्याने वकील-ए-मुतलक, म्हणजे सर्वाधिकारी, नेमले. १७८८ मध्ये महादजींची फौज दूर गुंतलेली असताना गुलाम कादिर या रोहिल्याने किल्ला बळकावला. लपविलेले धन सापडावे म्हणून त्याने महालांच्या जमिनी खणल्या, राजघराण्यातील स्त्रियांचे आणि मुलांचे हाल केले आणि ऑगस्टमध्ये म्हाताऱ्या शहाआलमचे डोळे काढले. राणेखानाच्या हाताखाली आलेल्या महादजींच्या फौजेने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये दिल्ली सोडविली, अंध बादशहाला पुन्हा तख्तावर बसविले आणि पळालेल्या गुलाम कादिराला पकडून शासन केले. त्यानंतर १८०३ पर्यंत या किल्ल्याचा बंदोबस्त शिंद्यांकडे होता. ११ सप्टेंबर १८०३ रोजी दिल्लीजवळ यमुनेपलीकडे पटपडगंज येथे इंग्रज सेनापती लेक याने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि किल्ला इंग्रजांच्या हाती गेला.

या साऱ्या काळात पेशव्यांचे वकील हिंगणे दिल्लीहून पत्रे पाठवीत. बादशहाचा दरबार, बाजारभाव, कोण आले, कोण गेले, याचा वृत्तांत मोडीतून पुण्यास पोहोचे. म्हणजे या महालांत काय चालले आहे हे एकेकाळी पुण्याच्या वाड्यात मराठीतून वाचले जात होते. छत काढणारेही आपणच आणि छत्र सावरणारेही आपणच. दोन्ही गोष्टी एकाच दिवाणखान्यात, अठ्ठावीस वर्षांच्या अंतराने घडल्या. इतिहास अशा जागी मुलांना सांगितला तर तो पाठ करावा लागत नाही.

१८५७ नंतर

मयूरासन आणि रुप्याचे छत गेले तरी राजवाडा उभा होता. तो मोडला १८५७ नंतर. उठाव मोडून काढल्यावर इंग्रजांनी बहादूरशहावर १८५८ च्या जानेवारी-मार्चमध्ये याच दिवाण-ए-खासमध्ये खटला चालविला आणि त्याला रंगूनला हद्दपार केले. तेथेच १८६२ मध्ये त्याचा अंत झाला. किल्ल्यात फौज राहावयास आली. तिच्या बराकींसाठी आतील दोन-तृतीयांशाहून अधिक इमारती पाडण्यात आल्या. जनानखान्याचे चौक, ओवऱ्या, लहानमोठे महाल, हयात बख्शच्या पश्चिमेची मेहताब बाग, सारे भुईसपाट झाले. जे पाडले त्याचा नकाशादेखील पाडणाऱ्यांनी करून ठेवला नाही, अशी खंत फर्ग्युसन या इंग्रज वास्तु-इतिहासकारानेच पुढे व्यक्त केली. लॉर्ड कर्झनच्या काळी आणि त्यानंतर हिरवळी आखण्यात आल्या, हयात बख्श बाग काही अंशी पूर्ववत करण्यात आली. आज जी मोकळी हिरवळ डोळ्यांना सुखावते ती पुष्कळ ठिकाणी पाडलेल्या घरांवर उगवलेली आहे.

हिरवळीपलीकडे ज्या भारदस्त तीन-चार मजली बराकी दिसतात त्यांच्याकडे पाठ फिरवू नये. त्याही आता इतिहास झाल्या आहेत. याच किल्ल्यात १९४५ च्या नोव्हेंबरात आझाद हिंद सेनेचे शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरबक्षसिंग धिल्लन यांच्यावर खटला सुरू झाला आणि भुलाभाई देसाई त्यांच्या बचावासाठी उभे राहिले. १९४८-४९ मध्ये महात्मा गांधींच्या हत्येचा खटलाही येथेच चालला. १६ ऑगस्ट १९४७ रोजी पंडित नेहरूंनी या तटावर तिरंगा फडकविला. स्वातंत्र्यानंतरही किल्ल्याचा मोठा भाग लष्कराकडेच होता. २००३ च्या अखेरीस तो पुरातत्त्व खात्याच्या स्वाधीन झाला. २०१९ मध्ये बराकींत नेताजी सुभाषचंद्र बोस, १८५७ चा संग्राम आणि जालियनवाला बाग यांविषयीची संग्रहालये उघडण्यात आली. ज्या बराकींनी राजवाडा गिळला त्यांत आज त्या राज्यकर्त्यांविरुद्धच्या लढ्याची कथा मांडलेली आहे.

भेटीचा बेत

आता प्रत्यक्ष व्यवहाराच्या चार गोष्टी. किल्ला सोमवारी बंद असतो, हे सर्वांत आधी ध्यानात ठेवावे. दिल्लीतील बरीच संग्रहालयेही सोमवारीच बंद असतात, आणि आग्ऱ्याचा ताजमहाल शुक्रवारी. तेव्हा दिल्ली-आग्रा असा जोडबेत असेल तर वार आधी मांडून घ्यावेत. स्वातंत्र्यदिनाच्या आधी काही दिवस किल्ला प्रवाशांसाठी बंद ठेवतात. म्हणून ऑगस्टच्या पूर्वार्धात येणे टाळावे. प्रवेशशुल्क वेळोवेळी बदलते, म्हणून ते निघण्यापूर्वी पाहून घ्यावे; पंधरा वर्षांखालील मुलांना ते पडत नाही.

ऋतूंपैकी फेब्रुवारी-मार्च उत्तम. नोव्हेंबरात थंडी आल्हाददायक असली तरी हल्ली हवा फार धुरकट होते. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी त्या दिवसांत येऊ नये. डिसेंबरचा उत्तरार्ध आणि जानेवारी धुक्याचे. गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात, म्हणून परतीच्या तिकिटात एक दिवस हातचा राखावा. मे-जूनमध्ये दुपारी संगमरवराजवळ उभे राहवत नाही.

मेट्रोचे लाल किला स्थानक किल्ल्याच्या अगदी जवळ आहे. चांदणी चौक स्थानकावरूनही चालत येता येते. सकाळी दरवाजा उघडताच आत जावे. सुरक्षा तपासणीची रांग असते, म्हणून सामान शक्य तितके कमी ठेवावे. पाण्याची बाटली मात्र बरोबर असावी. चालणे पुष्कळ आहे. आजी-आजोबांना घेऊन जाणाऱ्यांनी बागेपाशी विसावा धरून दोन टप्प्यांत किल्ला पाहावा. बहुतेक महाल कठड्याबाहेरूनच पाहावे लागतात. म्हणून लहान दुर्बीण नेल्यास जडावकाम जवळ येते. महालांना दोन तास, संग्रहालयांना दोन तास, असा हिशेब धरावा.

बाहेर आल्यावर समोरच चांदणी चौक आहे. तेथील गौरीशंकर मंदिर आपा गंगाधर या मराठा सरदाराने १७६१ मध्ये बांधविले, अशी परंपरा आहे. जवळच दिगंबर जैनांचे लाल मंदिर आणि पुढे शीशगंज गुरुद्वारा. भुकेल्या मुलांसाठी पराठ्यांची गल्ली लांब नाही.

वाहत्या पाण्याची बाग पाहिल्यावाचून हयात बख्श बागेची कल्पना पुरती येत नाही. त्यासाठी दोन स्थळे सुचवितो. पहिले हुमायूनची कबर. तेथील चौरस बागेतील पाट २००३ मध्ये पुन्हा वाहते करण्यात आले. आणि १८५७ च्या सप्टेंबरात बहादूरशहा इंग्रजांच्या हाती सापडला तो याच आवारात. दुसरे राष्ट्रपती भवनाचे अमृत उद्यान. ल्यूटेन्सने मोगल बागेची चौकट घेऊन आखलेले हे उद्यान पूर्वी मोगल उद्यान म्हणून ओळखले जाई; २०२३ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. साधारणतः फेब्रुवारी-मार्चमध्ये ते जनतेसाठी खुले असते आणि आधी नोंदणी केल्यास रांगेचा त्रास वाचतो. ही दोन्ही स्थळे लाल किल्ल्याच्या आदल्या दिवशी पाहावीत, नंतर नव्हे. पाणी वाहताना एकदा कानांनी ऐकले असले म्हणजे कोरड्या पाटापाशीही ते ऐकू येते.

एक गोष्ट घरीच करण्याजोगी आहे. निघण्यापूर्वी मुलांकडून किल्ल्याचा एक साधा नकाशा काढून घ्यावा. पश्चिमेस लाहोरी दरवाजा, पूर्वेस नदी, काठाने महालांची रांग, ईशान्येस शाह बुर्ज आणि शेजारी बाग. पाटाची रेघ निळ्या पेन्सिलीने उत्तरेकडून दक्षिणेकडे ओढावी. तेथे पोहोचल्यावर जे दिसेल त्यावर खूण करावी आणि जे नाही ते कोऱ्या चौकोनाने दाखवावे. नदीच्या जागी वाहनांनी गजबजलेला रिंग रोड दिसेल; यमुना पूर्वेकडे सरकली आहे. तीही नोंद नकाशात व्हावी.

भेट येथेच संपत नाही. दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटरवर पानिपत आहे. एक दिवस मोकळा असेल तर तेथील काला अंब स्मारक पाहावे. आणि पुण्यास असाल किंवा जाणार असाल तर वानवडीस महादजी शिंद्यांच्या छत्रीपाशी जावे. अंध बादशहाला तख्तावर बसविणारा हा पुरुष १७९४ च्या फेब्रुवारीत तेथे वारला. मुलांनी काढलेला दिल्लीचा नकाशा त्या दिवशी बरोबर असू द्यावा.